वेचणीनंतरचा कप्पा

विनूदादा, तुझी यादी माझ्या फोनमध्ये अजून उघडते. तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. त्या यादीला हे कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे ती रोज सकाळी मला आठवण करून देते, की न वाचलेले लेख खूप साठले आहेत, आज सुरुवात करायची का. मी ते बोटाने बाजूला सारते आणि शाळेत शिकवायला जाते.

लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मावशीचा मुलगा, पण सख्ख्यासारखा, असं मीही त्यांना सांगते. तुझं वय, तुझं दुकान, तुझ्यामागे कोण कोण आहे, हे सगळं पेपरात येऊन गेलं. त्यात एक ओळ होती, की स्वतःच्या शेतात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. ओळ खरी आहे. ती वाचताना मला वाटलं, यात माझं नाव राहिलं. ते कोणी छापणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

तुझं झेरॉक्सचं दुकान आर्णीत, बसस्टँडच्या पुढे. तुझं शेत गावाकडे, नऊ किलोमीटरवर, जिथे फोन हातात धरून बांधावर, धुऱ्यावर उभं राहिलं तरी रेंज येत नाही. दुकानात बसून तू कॉम्प्युटरवर काहीबाही वाचायचास, आणि शेतात पोचेपर्यंत अर्धं विसरायचास. मग कुणीतरी तुला ते अॅप दाखवलं. दुकानात नेट असताना लेखावर बोट दाबायचं, तो यादीत जाऊन बसतो, आणि रेंज गेली तरी उघडतो. त्या दिवशी तू शाळा सुटायची वाट बघत फाटकाशी उभा होतास. गाडीवरून उतरलाही नव्हतास. "मंदे, पाह्य," म्हणालास, "आता वावरात बसून साऱ्या दुनियेचं वाचता येते."

साऱ्या दुनियेचंच साठवलंस तू. बोंडअळी, ठिबक, तुरीवरचा मर रोग हे तर होतंच. त्याशिवाय बर्फात बांधलेली हॉटेलं, घड्याळ दुरुस्त करणारी एक म्हातारी, मुंग्या शेती करतात म्हणे तो लेख, आणि माणसाला जांभई का येते. जांभईचा लेख तू मला चारदा वाचायला सांगितलास. तो मी अजून वाचलेला नाही.

यातलं निम्मं इंग्रजीत होतं, आणि दहावीला इंग्रजीने तुला दोनदा घरी पाठवलं होतं. तरी तुझा विश्वास इंग्रजीवरच. "खरी गोष्ट आधी इंग्रजीत येते," तू म्हणायचास. "मराठीत येईलोक अळीचं पाखरू होऊन उडून जाते." फोन आपलाआपण मराठी करून देतो, हे मी तुला सांगितलं होतं. तू ते करून पाहिलंस आणि मला वाचून दाखवलंस. पिऊन आलेला माणूस भाषण करून राह्यला, असं तुझं मत पडलं. मग इंग्रजी शिकवणारी बहीण घरातच असताना फोनची मदत घ्यायची कशाला, असं तू ठरवलंस. अॅपचं खातं एकच ठेवलं, तुझ्या फोनवर, माझ्या फोनवर आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर. साठवायचं तू, लावायचं मी.

मला लावायला आवडतं, हे तुला लहानपणापासून माहीत. मावशीच्याच घरी मी वाढले, तिथे चमचे मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावून ठेवायची मी, आणि तू जाता जाता एक उलटा करून जायचास. तुझ्या यादीचा पसारा बघून मला झोप लागेना. मी विषयांचे कप्पे केले, ते तुला पटले नाहीत. तू म्हणालास, शेतकरी विषय पाहून वाचत नाही, दिवस पाहून वाचतो. मग आपण दिवसांवरून तीन कप्पे केले. पेरणीआधी. फवारणीआधी. आणि उरलेलं सगळं वेचणीनंतर, म्हणजे कापूस घरात आला की निवांत.

बाजाराच्या दिवशी मी दोन तास दुकानात बसायची. त्या त्या दिवसाच्या कप्प्यातला एखादा लेख काढायचा, त्याचा मराठीत सारांश करायचा, सुवाच्य अक्षरात एका पानावर लिहायचा. तू त्याच्या झेरॉक्स काढून दाराशी बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी टांगायचास. बाजाराला आलेले लोक एकेक कागद ओढून न्यायचे. कुणी वाचायचं, कुणी त्यात भजी बांधायचं. तुला दोन्ही चालायचं. "भजी खाऊन झाल्यावर तरी वाचन कोणी," म्हणायचास.

आपला वाद होता तो वेगळाच. मी म्हणायची, साठवून ठेवलं म्हणजे वाचलं असं होत नाही, दादा. तुला वाटतं यादीत टाकलं की ते डोक्यात गेलं. तू म्हणायचास, कोठीत ज्वारी भरून ठेवतो, ते काय त्याच दिवशी खातो आपण? मी म्हणायची, ज्वारीला कीड लागते. तू म्हणायचास, ह्याले लागत नाही. हा वाद आपण कितीदा घातला असेल. मी त्यात हरले असते तर बरं झालं असतं, किंवा निदान पूर्ण जिंकले असते. तो अर्धाच राहिला, आणि आता मला दोन्ही बाजूंनी एकटीलाच बोलावं लागतं.

आता त्या भांडणाचं लिहिते. तू ते कधीच विसरला असशील, तुझा राग दोन चहांच्या पलीकडे टिकत नसे. उन्हाळ्याचे दिवस होते. माझ्याकडे पेपर तपासायचे पडले होते, आणि तू तीन दिवस मागे लागला होतास, सौरपंपाचा एक लेख आधी कर, आधी कर, लोक विचारून राह्यले. मी पेपर बाजूला ठेवून सात पानांच्या त्या लेखाचा अर्थ लावला. शेवटी कळलं की ती पंप विकणाऱ्यांची जाहिरात होती. माझं डोकं फिरलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी तुला बोलले, "मी तुह्या पगारावर नाही दादा. मले जवा वेळ भेटन तवा करीन. हे आधी कर, ते आधी कर, असं पुन्हा म्हणाचं नाही." तू कागद सरळ करत होतास. मान वर न करता म्हणालास, "नाही म्हणत. जबान दिली."

त्याच वेळी मी नियमही केला. दोन पानांपेक्षा मोठं जे असेल ते न बघता वेचणीनंतरच्या कप्प्यात जाईल. थंडीत सुट्टीच्या दिवशी करीन. तू बरं म्हणालास.

जबान तू पाळलीस. नको तितकी पाळलीस.

मग पाऊस आला, पेरण्या झाल्या, आणि यंदा कपाशीची पऱ्हाटी वाढली ती थांबेचना. पोळ्याला ती खांद्याला आली. गणपतीत डोक्यावरून गेली. बियाणं घेताना सांगितलं होतं की याला बोंडअळी लागत नाही, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. कृषी केंद्रातून माणसं दोनदोन तीनतीन बाटल्या घेऊन निघत, आणि शेतात गेल्यावर सगळ्या पाठीवरच्या एकाच पंपात ओतत. माणूस ओळीत शिरला की दिसायचा नाही. नुसता पंपाचा आवाज यायचा, आणि पऱ्हाटीच्या वर पांढरं धुकं हलायचं. वारा पडलेला होता. शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा तो वास यायचा, आणि आम्ही बायका म्हणायचो, कुठेतरी फवारणी चालू आहे. कुठेतरी म्हणजे सगळीकडे होती.

माझ्या वर्गातली एक मुलगी हजेरीच्या वेळी म्हणाली, "बाई, आमच्या बाबाले एकाचे दोन दिसून राह्यले." मी तिला म्हटलं, चष्म्याचा नंबर काढून घ्या म्हणावं. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक मुलगी असंच काही बोलली. तुझ्या धुऱ्यावरच्या बाभळीला मोहोळ होतं, दरवर्षी असायचं. त्याचा तू फोटो पाठवलास. ते रिकामं होतं. फोटोखाली तू एक अक्षर लिहिलं नाहीस, आणि तू तर जांभईच्या लेखाखालीसुद्धा चार ओळी लिहिणारा. मी विचारलं नाही.

श्रावणात तो लेख यादीत आला होता. अकरा पानं, इंग्रजी. उंच पिकात फवारणी करणाऱ्या माणसांच्या शरीरात औषध कसं जातं, असं काहीसं त्याचं नाव होतं. आरशात स्वतःचं तोंड बघण्याची माझी हिंमत नाही, पण हे लिहिलंच पाहिजे. मी ते नाव वाचलं होतं. नाव वाचलं, पानं मोजली आणि नियमाप्रमाणे लेख वेचणीनंतरच्या कप्प्यात टाकला. फवारणीचा लेख, वेचणीनंतर. त्यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही, कारण नियम माझा होता.

पोळ्याच्या पुढच्या बाजारी मी यादी उघडली तर तोच लेख पुन्हा सगळ्यात वर. मला वाटलं तुझं बोट लागलं. एकच गोष्ट दोनदा कशाला, म्हणून मी वरचा काढून टाकला. जुना होता तिथेच राहिला, खाली, मुंग्यांच्या आणि बर्फाच्या हॉटेलांच्या शेजारी.

गणपती उठले आणि तो तिसऱ्यांदा वर आला. तेव्हा मी तुला टोकलं. "दादा, एकच लेख तीनतीनदा कायले टाकतो? सारी यादी खराब करून ठेवली." तू झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून उभा होतास. म्हणालास, "अवं, ते वर राह्यलं पाह्यजे ना..." तेवढ्यात एक म्हातारा आधार कार्ड घेऊन आला, दोन्ही बाजू एकाच पानावर पाहिजेत म्हणाला. तू त्याच्याकडे वळलास. मी तोवर तिसरा खोडून मोकळी झाले होते.

यादीत शेवटी टाकलेलं सगळ्यात वर दिसतं. जुनं वर उचलून ठेवायची सोय त्या अॅपमध्ये आहे, पण ती तुला सापडली नव्हती, आणि मी दाखवली नव्हती, कारण लावणं हे माझं काम होतं. तुला ठाऊक होती ती एकच रीत. पुन्हा टाकायचं, म्हणजे वर येतं. हे आधी कर, असं तोंडाने म्हणणार नाही, ही जबान तू दिली होतीस. म्हणून तू दर वेळी तो लेख माझ्या डोळ्यांसमोर आणून ठेवत होतास, आणि मी दर वेळी पसारा समजून तो आवरत होते. तुझं ते अर्धं वाक्य मला आता दिवसातून कितीदा तरी पूर्ण ऐकू येतं. त्या म्हाताऱ्याला एक मिनिट थांबा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्या फवारणीच्या सकाळचं मला सुलभावहिनीने सांगितलं. दहाव्यानंतर, घर रिकामं झाल्यावर. तू आधी दुकानात गेलास, पंधरा मिनिटांत शटर ओढून परत आलास आणि वहिनीला घेऊन शेतात गेलास. गजानन आधीच पोचला होता. दरवर्षी तुझी फवारणी तोच करतो. त्याने औषध कालवलं, पंप भरला, आणि पाठीवर घेणार तर तू त्याच्या हातातून पंप काढून घेतलास.

"गजानन म्हणे, भाऊ, तुमी कायले, मी हावो ना," वहिनी सांगत होती. "तर हे म्हणाले, तू आज निंदण कर. मंदाच्यान त्या कागदाचं होऊन राह्यलं नाही अजून. थे झाल्याबिगर मले कोणाच्या पाठीवर पंप देऊ वाटत नाही."

वहिनीने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. तिने दोष दिला नाही. दिला असता तर मी रडले असते, आणि त्यानेही थोडं हलकं वाटलं असतं. ती कुकरच्या शिट्या मोजत राहिली.

दुपारपर्यंत तू तीन पंप मारलेस. शर्ट भिजला होता, घामाने की औषधाने हे कळायला मार्ग नव्हता. मग धुऱ्यावर येऊन बसलास आणि वहिनीला म्हणालास, ऊन कमी झालं का, अंधारून राह्यलं. ऊन लख्ख होतं. तुझ्या तोंडातून लाळ येत होती. गजानन आणि वहिनी तुला गाडीवर मधे धरून आर्णीला घेऊन गेले. दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, कोणतं औषध होतं, बाटली आणली का. बाटल्या धुऱ्यावर राहिल्या होत्या. गजाननने एकीचा रंग सांगितला. मी शाळेतून पोचले तेव्हा तुला यवतमाळला नेत होते. तू मला ओळखलंस की नाही माहीत नाही. तुझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, आणि त्या माझ्यावर थांबत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

तेराव्या दिवशी मी यादी उघडली. सगळ्यात वर तोच लेख होता. चौथ्यांदा. त्याच्याखाली तारीख आणि वेळ होती, त्याच सकाळची, तू दुकानातून पंधरा मिनिटांत परत आलास ती.

मग मी बसून तो वाचला. तू तो वाचायचा प्रयत्न केला होतास, दादा. त्या अॅपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की पिवळी खूण होते, आणि अकरा पानांत ठिकठिकाणी तुझ्या पिवळ्या खुणा होत्या. वाक्यावर एकही नव्हती, सगळ्या सुट्या शब्दांवर. शर्ट. स्किन. सोप. बॉटल. डॉक्टर. पुन्हा सोप. जे शब्द आपण मराठीतही बोलतो, किंवा टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीत ऐकतो, तेवढे तुला सापडले होते. मधलं सगळं तू माझ्यासाठी सोडलं होतंस.

त्या मधल्यात काय होतं ते तुला आता सांगते. दोन औषधं एका पंपात कालवू नका. पीक डोक्याच्या वर गेलं की औषध अंगावर पडतं, आणि ते नाकातोंडापेक्षा जास्त ओल्या कपड्यातून कातडीत शिरतं. भर उन्हात फवारू नका, घाम आला की ते आणखी लवकर शिरतं. शर्ट भिजला की काम संपायची वाट बघू नका, तिथल्या तिथे काढा आणि साबणाने अंग धुवा. डोळ्यांपुढे अंधारलं, लाळ सुटली, की डॉक्टरकडे जा, आणि जाताना बाटली सोबत न्या. बस, एवढंच. सारांश करायला मला अर्धा तास लागला. एका पानात बसलं, मागची बाजू कोरी राहिली.

मी हे वहिनीला वाचून दाखवलं. साबणाचं आल्यावर तिने मला थांबवलं. उठली, तुझ्या गाडीच्या डिक्कीतून एक साबणाची वडी आणून माझ्यापुढे ठेवली. त्या सकाळी दुकानातून येताना तू ती आणली होतीस. तिने विचारलं होतं, वावरात साबण कायले, तर तू म्हणालास, "त्या लेखात दोनदा लिवलं हाय साबणाचं. काम झाल्यावर आंघोळ करीन हिरीवर." वडीचा कागदही फाटलेला नव्हता.

काम झाल्यावर. आपण दोघं एकाच घरात वाढलो, दादा. दोघांनीही नंतरसाठी ठेवलं.

इतकी वर्षं मला वाटत आलं, की आपल्यात शहाणी मी आणि हौशी तू. तू ढीग करणार, मी तो लावणार. आणि तुला न कळणाऱ्या भाषेतल्या अकरा पानांत नेमकं जे लागणार होतं ते तुला कळलं, जी भाषा मी पोटासाठी शिकवते तिच्यात मी फक्त पानं मोजली. याबद्दल तुझी माफी मागायची तर तू ती लगेच देऊन टाकशील, चहा मागवशील, आणि वर मलाच म्हणशील, जाऊ दे मंदे, तुले पेपर तपासाचे होते. म्हणून मागत नाही. तुझे आभार मात्र मानते. गजानन जिवंत आहे, त्याला दोन मुली आहेत, आणि त्यातली धाकटी माझ्या वर्गात आहे. तिच्याच बाबाला एकाचे दोन दिसत होते. हे तुला ठाऊक होतं की नाही, हेही विचारायचं राहून गेलं.

काल बाजार होता. मी वहिनीकडून किल्ली घेतली आणि दुकान उघडलं. दोरी तशीच होती, चिमटे तसेच. मशीन कसं चालू करायचं ते मला येत नव्हतं, शेजारच्या टेलरने करून दिलं. सुरुवातीची चार पानं काळी निघाली, मग नीट यायला लागली. मी ती दोरीवर टांगली. तुझ्यासारखी ओळीत नाही आली.

दुपारी गजानन आला. तू गेल्यापासून तो माझ्यासमोर येत नव्हता. त्याला वाचता येत नाही, म्हणून मी त्याला स्टुलावर बसवून सगळं पान वाचून दाखवलं. तो मांडीवर हात ठेवून ऐकत होता. वाचून झालं. मग विचारलं, "हे कवा आलतं, बाई?"

मी म्हटलं, "श्रावणात."

तो बोटांवर महिने मोजत होता. भादवा, आश्विन. त्याचं मोजून झालं, मग दोरीकडे बघून म्हणाला, "मंग टांगलं काहून नाही?"

ज्या प्रश्नाची मी इतके दिवस वाट बघत होते तो असा स्टुलावर बसून, साध्या आवाजात आला. मी त्याला खरं ते सांगितलं. की विनूभाऊंनी चारदा माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि मी तीनदा खाली टाकलं. त्याने ऐकलं. रागावला नाही. एक कागद मागितला, त्याची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. उठताना म्हणाला, "उद्या सकायी बोलावलं हाय एका जणानं. उशिराची पऱ्हाटी हाय त्याची, लय उंच झाली. दोन औषधं आणून ठेवले म्हणे."

"जाशील?" मी विचारलं.

"पाह्यतो," तो म्हणाला. त्याच्या शर्टाच्या पाठीवर, जिथे पंप टेकतो तिथे, रंग उडून चौकोन पडला होता. त्याच शर्टाच्या खिशात तो कागद घेऊन तो गेला.

तुझ्या शेतात परवा पहिली वेचणी झाली. सीतादहीला, वेचणीआधीच्या पूजेला, वहिनीने नेहमीप्रमाणे दहीभात नेला, ओळीच्या तोंडाशी ठेवला, आणि वेचायला बायका लावून परत आली. म्हणजे तुझ्यामाझ्या हिशेबाने आता वेचणीनंतरचा कप्पा उघडायला हरकत नाही. मी एकेक वाचणार आहे. जांभईचासुद्धा.

लोक आता मला लेख पाठवतात, वहिनीचा भाऊ पाठवतो, शाळेतल्या बायका पाठवतात, आणि मी ते तुझ्या यादीत टाकते. प्रत्येक नवा लेख टाकला की तुझा एक पायरी खाली जातो. मग मी तो पुन्हा साठवते, तुझ्याच रीतीने, म्हणजे तो वर येतो. जुना वर उचलून ठेवायची सोय मला माहीत आहे, पण ती मी वापरत नाही. आज सकाळपर्यंत तो लेख यादीत नऊ वेळा झाला आहे. सारी यादी खराब झाली, दादा. मी एकही खोडलेला नाही.